डेटाबेस ड्रायव्हरमधील टीएलएस सत्र-पुनरारंभ आणि त्याची चाचणी : दूरस्थ जोडणीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्यातील वनप्रदेशाचा तालुका. वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात तो वसला असून येथील महाविद्यालयीन शिक्षण २०११ साली स्थापन झालेल्या, गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती आणि ग्रंथालय यांचे काम वह्यांमधून संगणकावर आले, त्याला आता बराच काळ लोटला. या नोंदींत विद्यार्थ्याचा आधार क्रमांक असतो, बँक खात्याचा क्रमांक असतो, जमातीच्या दाखल्याचा तपशील असतो. ही माहिती कार्यालयाच्या एका खोलीतील संगणकात राहत होती तोवर खोलीचे कुलूप हे तिचे पुरेसे रक्षण होते. डेटाबेस मुंबईतील किंवा अन्य दूरच्या सर्व्हरवर गेला की तीच माहिती प्रत्येक वेळी परक्या तारांमधून प्रवास करते आणि ती कूटबद्ध करणे अपरिहार्य ठरते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियमाने तर वाजवी सुरक्षा-उपाय योजणे हे माहिती बाळगणाऱ्या संस्थेचे कर्तव्यच ठरवले आहे.

कूटबद्ध जोडणीची किंमत मात्र असते, आणि ती मुख्यतः जोडणी उघडताना मोजावी लागते. शहरातील वेगवान जोडणीवर ती जाणवत नाही. दूरच्या, संथ जोडणीवर ती सेकंदांत मोजता येते. लिपिकाने कळ दाबल्यावर पडदा काही सेकंद स्तब्ध राहू लागला की तक्रार होते, आणि तक्रारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जोडणीच्या संरचनेत एक शब्द बदलून टीएलएस बंद करणे. पडदा पुन्हा चपळ होतो, सर्वांचे समाधान होते आणि विद्यार्थ्यांची खाती उघड्या तारेवरून जाऊ लागतात. हे टाळण्यासाठी कूटबद्ध जोडणीचा खर्च कमी करण्याच्या ज्या युक्त्या आहेत, त्यांपैकी ‘सत्र-पुनरारंभ’ ही एक होय. ती डेटाबेसच्या ड्रायव्हरमध्ये खरोखर कार्य करते की नाही हे कसे तपासावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पुनरारंभ झाला नाही तरी जोडणी होतेच, त्यामुळे ‘जोडणी झाली’ या निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही.

जोडणीचा खर्च

टीएलएस, म्हणजे ट्रान्स्पोर्ट लेयर सिक्युरिटी, या नियमावलीनुसार दोन संगणक प्रत्यक्ष माहिती पाठवण्यापूर्वी ‘हस्तांदोलन’ करतात. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो, ग्राहक ते तपासतो आणि दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. या संवादाचे मोजमाप ‘फेरी’ या एककात करणे सोयीचे आहे. संदेश जाऊन त्याचे उत्तर परत येणे, ही एक फेरी.

मायएसक्यूएल या डेटाबेसशी टीएलएस १.२ वापरून होणारी जोडणी पाहू. टीसीपीची जोडणी ही पहिली फेरी. त्यानंतर सर्व्हरचा स्वागतसंदेश येतो, ती दुसरी. टीएलएस १.२ च्या पूर्ण हस्तांदोलनाला दोन फेऱ्या लागतात आणि वापरकर्त्याची ओळख पटवण्यास किमान एक. अशा पाच फेऱ्या झाल्यावर पहिली क्वेरी निघते. एक फेरी २० मिलिसेकंदांची असेल तर हा सारा प्रकार १०० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवेपर्यंत, आटोपतो. आता जोडणी भूस्थिर उपग्रहामार्गे आहे असे समजू. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येतो, उत्तरही वर जाऊन खाली येते, म्हणजे ही उंची एकंदर चार वेळा पार करावी लागते. प्रकाशाच्या वेगानेही त्यास ०.४८ सेकंद लागतात. प्रत्यक्षात यंत्रणेचा विलंब धरून ०.६ सेकंद मानले तर पाच फेऱ्यांचे ३ सेकंद होतात. येथे सर्व्हर कितीही महाग घेतला तरी उपयोग नाही, कारण वेळ गणनेत जात नसून अंतरात जातो.

टीएलएस १.२ मध्ये सत्राचा पुनरारंभ केल्यास हस्तांदोलन एका फेरीत होते. वरील उदाहरणात ३ सेकंदांचे २.४ सेकंद होतात. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.३ मध्ये मात्र पूर्ण हस्तांदोलनच एका फेरीचे आहे. परिणामी १.३ मध्ये नेहमीच्या पुनरारंभाने फेरी वाचत नाही. वाचते ते प्रमाणपत्रांच्या साखळीचे वहन, जे सामान्यतः काही हजार बाइटचे असते, आणि स्वाक्षरी करण्या-तपासण्याचे गणित. पुनरारंभाविषयी बोलताना हा फरक पुष्कळदा नजरेआड होतो आणि १.२ चे लाभ १.३ च्या खात्यावर मांडले जातात. टीएलएस १.३ मध्ये हस्तांदोलन पुरे होण्याआधीच, पहिल्याच संदेशासोबत माहिती पाठवण्याची सोय आहे हे खरे. परंतु असा संदेश मध्येच कोणी नक्कल करून पुन्हा पाठवला तर तो ओळखण्याची हमी नियमावली देत नाही. शुल्क भरल्याची नोंद करणारी क्वेरी दोनदा पोहोचली तर एकाच विद्यार्थ्याच्या नावे दोन पावत्या पडतील. संकेतस्थळाचे स्थिर पान मागवण्यास ही सोय ठीक आहे. डेटाबेसच्या ड्रायव्हरने तिच्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर.

नाक्यावरील वही आणि मोहोरबंद चिठ्ठी

पुनरारंभाचे तत्त्व या भागातील वाचकांना वनोपज तपासणी नाक्याच्या दृष्टान्ताने सहज स्पष्ट होईल. बांबूचा ट्रक नाक्यावर प्रथम येतो तेव्हा वाहतूक परवाना पाहिला जातो, माल मोजला जातो, चालकाची ओळख पटवली जाते. तोच ट्रक तासाभराने पुन्हा आला तर हे सगळे परत करण्याचे कारण नाही, मात्र तो तोच ट्रक आहे याचा पुरावा हवा. हा पुरावा दोन प्रकारे ठेवता येतो. एक, नाक्याने आपल्या वहीत नोंद करावी आणि चालकाला फक्त नोंदीचा क्रमांक द्यावा. दोन, नाक्याने सर्व तपशील एका चिठ्ठीवर लिहून, ती फक्त आपल्यालाच उघडता येईल अशी मोहोरबंद करून चालकाच्याच हाती द्यावी. दुसऱ्या पद्धतीत नाक्याला वही ठेवावी लागत नाही.

टीएलएसमध्ये हे दोन्ही प्रकार आहेत. पहिल्यात सर्व्हर सत्राची नोंद आपल्या स्मृतीत ठेवतो आणि ग्राहकाला सत्रक्रमांक देतो. दुसऱ्यात सर्व्हर सत्राचा तपशील आपल्या गुप्त किल्लीने कूटबद्ध करून ‘तिकीट’ म्हणून ग्राहकाला देतो. याची नियमावली जानेवारी २००८ मध्ये आरएफसी ५०७७ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. टीएलएस १.३ मध्ये सर्वच पुनरारंभ ‘तिकीट’ या नावाने होतो. तिकिटाच्या आत पूर्ण तपशील आहे की केवळ वहीतील नोंदीचा क्रमांक आहे, हे ग्राहकाला बाहेरून कळत नाही. हा बारकावा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

दृष्टान्ताची एक मर्यादा येथेच नोंदवणे आवश्यक आहे. नाक्यावरील कर्मचारी चालकाला चेहऱ्याने ओळखतो. सर्व्हर कोणालाही ओळखत नाही. ज्याच्या हाती तिकीट आणि त्यासोबतची किल्ली आहे तोच त्याच्या लेखी जुना ग्राहक. म्हणून साठवलेले सत्र हे पासवर्डइतकेच जपण्याचे गुपित होय.

पोस्टग्रेसमधील २०१७ आणि २०२४ च्या घटना

ड्रायव्हर आणि सर्व्हर यांच्यातील पुनरारंभ न तपासल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण पोस्टग्रेसएसक्यूएल या डेटाबेसच्या इतिहासात आहे. पोस्टग्रेसचा सर्व्हर टीएलएससाठी ओपनएसएसएल ही लायब्ररी वापरतो. पोस्टग्रेसने सत्र-पुनरारंभाचा आधार कधीच दिलेला नव्हता. त्यासाठी लागणारी सत्र-ओळख सर्व्हर तयारच करत नसे. परंतु ग्राहकाने तिकिटाची इच्छा दर्शवली की ओपनएसएसएल आपणहून तिकीट देत असे. ग्राहक तिकीट सांभाळणारा नसेल तर काहीच बिघडत नव्हते. तो सांभाळणारा असेल तर पहिली जोडणी सुरळीत होई, आणि दुसऱ्या जोडणीच्या वेळी ते तिकीट दाखवताच जोडणी अयशस्वी होई. डॉटनेटसाठीच्या एनपीजीएसक्यूएल या ड्रायव्हरचे शे रोजान्स्की यांनी ही बाब कळवली. ऑगस्ट २०१७ मध्ये टॉम लेन यांनी सर्व्हरने तिकिटे देऊच नयेत असा बदल केला आणि तो त्या वेळी चालू असलेल्या सर्व आवृत्त्यांना लागू केला. अल्पायुषी जोडण्यांखेरीज पुनरारंभाचा फारसा लाभ नाही, आणि अशा जोडण्या हे पोस्टग्रेसचे मुळातच दुबळे अंग आहे, असा त्यामागील विचार होता. प्रत्येक जोडणीसाठी पोस्टग्रेस स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो हे लक्षात घेता तो पटण्यासारखा आहे.

या घटनेत चाचणीच्या दृष्टीने लक्षणीय काय आहे? चूक पहिल्या जोडणीत नव्हती, दुसऱ्या जोडणीत होती. जोडणी करून, क्वेरी चालवून, जोडणी बंद करून समाधान मानणाऱ्या चाचणीला ती कधीही दिसली नसती.

कथा येथे संपली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ ही आवृत्ती टीएलएस १.३ सह आली. तिकिटे बंद करण्याचा जो जुना पर्याय पोस्टग्रेस वापरत होता, तो १.३ मध्ये फक्त ‘मोहोरबंद चिठ्ठी’ बंद करतो. ‘वहीतील क्रमांक’ असलेली तिकिटे चालूच राहतात. वही तर पोस्टग्रेसने २०१७ मध्येच बंद केली होती. म्हणजे सर्व्हर अशा वहीतील क्रमांक वाटत होता, जी वही अस्तित्वातच नव्हती. २०२४ च्या जुलैमध्ये ही बाब दुरुस्त झाली. तिकिटांची संख्या थेट शून्यावर आणणारी नवी सोय वापरण्यात आली आणि तो बदल आवृत्ती १२ पर्यंत मागे लागू करण्यात आला. मधल्या काळात ‘तिकिटे बंद आहेत’ असे संहितेत स्पष्ट लिहिलेले होते. जगातील नावाजलेल्या अभियंत्यांच्या नजरेखालून जाणाऱ्या संहितेत हे घडले. सर्व्हरकडून किती तिकिटे येतात हे मोजणारी एखादी दहा-वीस ओळींची चाचणी असती, तर ते लगेच उघडकीस आले असते.

पुरावा कशास म्हणावे

पुनरारंभाची चाचणी घेताना सर्वप्रथम सुचतो तो पुरावा वेळेचा. दुसरी जोडणी पहिलीपेक्षा लवकर झाली, म्हणून पुनरारंभ झाला, असे अनुमान काढले जाते. हा पुरावा ग्राह्य धरू नये. एकाच संगणकावर सर्व्हर आणि ग्राहक ठेवून मोजल्यास फरक इतका अल्प असतो की तो अन्य प्रक्रियांच्या गोंगाटात हरवतो. शिवाय दुसरी जोडणी इतर कारणांनीही जलद होते. नावाचा पत्ता आधीच शोधलेला असतो, सर्व्हरची स्मृती तापलेली असते, मायएसक्यूएलच्या सध्याच्या ओळख-पद्धतीत तर वापरकर्त्याच्या पासवर्डचा अर्क सर्व्हरने स्मृतीत ठेवल्यामुळे दुसऱ्या वेळचा संवादच लहान होतो. पुनरारंभ मुळीच न होता वेळ निम्मी झाली, असेही दिसू शकेल.

विश्वसनीय साक्षीदार तीन आहेत. पहिला, ग्राहकाकडील टीएलएस लायब्ररी. ओपनएसएसएलमध्ये सत्र पुन्हा वापरले गेले काय हे विचारण्याची सोय आहे. पायथनच्या एसएसएल मॉड्यूलमध्ये आवृत्ती ३.६ पासून हेच उत्तर एका गुणधर्मातून मिळते. ड्रायव्हरने हे उत्तर वापरकर्त्यापर्यंत पोहोचवले नाही, तर चाचणी लिहिणाऱ्याने ते पोहोचवण्याची मागणी करणे योग्य ठरते. दुसरा साक्षीदार सर्व्हर. मायएसक्यूएलने २०२२ मधील ८.०.२९ या आवृत्तीपासून सत्र-पुनर्वापराचा अधिकृत आधार दिला असून, चालू जोडणीपुरते ० किंवा १ असे उत्तर देणारे एक स्थितीचल त्यात आहे. तिसरा साक्षीदार तार स्वतः. टीसीपीडंप किंवा वायरशार्कने संदेश पकडल्यास टीएलएस १.२ च्या पुनरारंभात सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा संदेशच दिसत नाही. टीएलएस १.३ मध्ये प्रमाणपत्र कूटबद्ध असल्याने तसे पाहता येत नाही, परंतु सर्व्हरच्या पहिल्या उत्तरात पूर्वनिश्चित किल्ली स्वीकारल्याची खूण उघडपणे दिसते.

तिघांची साक्ष जुळली पाहिजे. ग्राहक ‘हो’ म्हणतो आणि सर्व्हर ‘नाही’ म्हणतो, असे झाल्यास बहुधा मध्ये एखादा मध्यस्थ आहे. क्लाउडवरील सेवांत टीएलएस अनेकदा डेटाबेसपाशी न संपता वाटेतील मध्यस्थापाशी संपते. अशा वेळी मोजले जाते ते मध्यस्थाचे वर्तन, डेटाबेसचे नव्हे.

तिकीट हाती येण्याची वेळ

टीएलएस १.२ मध्ये तिकीट हस्तांदोलनातच मिळते. १.३ मध्ये ते हस्तांदोलन संपल्यानंतर, स्वतंत्र संदेशाने येते आणि ग्राहकाने सर्व्हरकडून काही वाचले तरच ते त्याच्या हाती पडते. १.२ च्या काळात लिहिलेल्या कित्येक चाचण्या येथे फसतात. हस्तांदोलन पूर्ण होताच सत्र काढून ठेवायचे, जोडणी बंद करायची आणि ते सत्र पुढच्या जोडणीला द्यायचे, हा त्यांचा क्रम. १.३ मध्ये या क्रमाने हाती येते ते तिकीटविरहित, निरुपयोगी सत्र. चाचणी ‘पुनरारंभ होत नाही’ असा निष्कर्ष काढते आणि दोष विनाकारण सर्व्हरवर येतो. उपाय सरळ आहे. एखादी साधी क्वेरी चालवून तिचे उत्तर पूर्ण वाचावे आणि त्यानंतरच सत्र मागावे. लायब्ररी नवे तिकीट आल्याची सूचना देत असेल तर ती सूचना ऐकणे अधिक चांगले.

१.३ च्या नियमावलीची आणखी एक शिफारस आहे. एक तिकीट एकाहून अधिक जोडण्यांसाठी वापरू नये, कारण त्यामुळे तारेवर लक्ष ठेवणाऱ्यास त्या जोडण्या एकाच ग्राहकाच्या आहेत हे ओळखता येते. ओपनएसएसएलचा सर्व्हर पूर्ण हस्तांदोलनानंतर सामान्यतः दोन तिकिटे देतो. ड्रायव्हरने एकदम दहा जोड्या उघडल्या तर दोन तिकिटे दहांना कशी पुरवायची, याचे उत्तर ड्रायव्हरच्या संहितेत असले पाहिजे आणि चाचणीने ते विचारले पाहिजे.

पुनरारंभ मुळीच न होण्याचे सर्वांत सामान्य कारण मात्र याहून साधे आहे. टीएलएस लायब्ररी सत्रे आपल्या ‘संदर्भ-वस्तू’त साठवते. ड्रायव्हर प्रत्येक जोडणीसाठी नवी संदर्भ-वस्तू तयार करत असेल तर साठा प्रत्येक वेळी रिकामाच असतो. जावाच्या ड्रायव्हरांत हे सहज घडू शकते. गो भाषेत तर ग्राहकाने सत्रांचा साठा स्पष्टपणे पुरवल्याशिवाय पुनरारंभ बंदच असतो. संहिता निर्दोष, चाचण्या हिरव्या, जोडणी सुरळीत, आणि पुनरारंभ शून्य.

नकाराच्या चाचण्या

पुनरारंभ व्हायला हवा तेथे होतो, हे अर्धे काम झाले. तो व्हायला नको तेथे होत नाही, हे दाखवणे अधिक कठीण आणि अधिक मोलाचे आहे. पुनरारंभित सत्रात सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुन्हा दाखवत नाही. पूर्वीच्या तपासणीवर विसंबून काम चालते. मग पूर्वी तपासणी झालीच नसेल तर? एकाच प्रोग्रामात एक जोडणी प्रमाणपत्र न तपासता उघडली आणि दुसरी कडक तपासणीसह उघडायची आहे, असे समजू. दोन्हींचा सत्रसाठा एक असेल आणि साठ्याची नोंद केवळ सर्व्हरच्या नावाने होत असेल, तर कडक जोडणी ढिल्या जोडणीचे सत्र उचलेल आणि तपासणी कधीच होणार नाही. वापरकर्त्याला मात्र आपण कडक पर्याय निवडला आहे एवढेच दिसत राहील.

ही शंका काल्पनिक नाही. कर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत याच जातीचा दोष ऑगस्ट २०१६ मध्ये दुरुस्त करण्यात आला. ग्राहकाचे प्रमाणपत्र बदलले तरी जुन्या प्रमाणपत्राने सुरू झालेले सत्र पुनरारंभित होत होते. सीव्हीई-२०१६-५४१९ या क्रमांकाने तो नोंदलेला आहे. यावरून ड्रायव्हरच्या सत्रसाठ्याची नोंद कशाकशावर आधारलेली असावी हे ठरवता येते. सर्व्हरचे नाव, पोर्ट, तपासणीची पातळी, मान्य प्रमाणन-संस्थांची यादी आणि ग्राहकाचे प्रमाणपत्र यांपैकी एकही घटक बदलला तर पूर्ण हस्तांदोलन झाले पाहिजे. चाचणीने हे घटक एकेक करून बदलावेत आणि प्रत्येक वेळी ‘पुनरारंभ झाला नाही’ हेच उत्तर अपेक्षावे.

सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरची चाचणीही या गटात येते. सर्व्हरची तिकीट-किल्ली बदलली की जुने तिकीट निकामी होते. अशा वेळी ड्रायव्हरने गुपचूप पूर्ण हस्तांदोलनाकडे वळावे आणि वापरकर्त्याला जोडणी मिळावी, हे इष्ट वर्तन. पोस्टग्रेसच्या २०१७ च्या घटनेत नेमके हेच घडले नव्हते. परंतु हा सौजन्यशील मार्गबदल चाचणीला अडचणीचा ठरतो, कारण तो अपयश झाकतो. मायएसक्यूएलच्या ग्राहक-प्रोग्रामने यावर चांगली तोड काढली आहे. साठवलेले सत्र दिले आणि ते वापरता आले नाही, तर तो जोडणीच नाकारतो. तरीही जोडणी हवी असल्यास तसे वेगळ्या पर्यायाने सांगावे लागते. चाचणीच्या काळी पहिले वर्तन ठेवावे, प्रत्यक्ष कामाच्या वेळी दुसरे. इतर ड्रायव्हरांनीही ही रीत उचलावी अशी ती आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत

या चाचणीसाठी महाग साधने लागत नाहीत आणि इंटरनेटचीही गरज नाही. लिनक्स असलेले दोन संगणक, त्यांना जोडणारी एक तार आणि स्वतः तयार केलेली प्रमाणपत्रे एवढ्यावर संगणकशास्त्राचे पदवी-स्तरावरील विद्यार्थी हा प्रकल्प करू शकतात. लिनक्सच्या ‘टीसी’ या आज्ञेत ‘नेटएम’ ही सोय आहे. तिने दोन्ही संगणकांवर ३०० मिलिसेकंदांचा कृत्रिम विलंब लावला की ०.६ सेकंदाची फेरी तयार होते आणि टेबलावरील तार उपग्रहाच्या जोडणीसारखी वागू लागते. मायएसक्यूएलच्या ग्राहक-प्रोग्रामात चालू सत्र धारिकेत उतरवण्याची आज्ञा आहे. ती धारिका पुढच्या वेळी पर्याय म्हणून द्यावी आणि स्थितीची आज्ञा देऊन सत्र पुनर्वापरित आहे काय ते पाहावे. टीएलएस १.२ आणि १.३ यांची मोजणी स्वतंत्र ठेवावी. १.२ मध्ये सुमारे ०.६ सेकंदाची बचत दिसेल, १.३ मध्ये ती जवळपास दिसणार नाही, आणि विद्यार्थ्यांना फेऱ्यांचा हिशेब एका दुपारी समजेल. सत्राची धारिका मात्र फक्त तिच्या मालकालाच वाचता यावी अशी ठेवावी आणि प्रयोग संपताच पुसून टाकावी.

पोस्टग्रेसवर हाच प्रयोग केल्यास अपेक्षित उत्तर उलट आहे. एकही तिकीट येऊ नये. तेथे फेरी वाचवायची असेल तर २०२४ मधील आवृत्ती १७ ने दिलेला थेट टीएलएस जोडणीचा पर्याय आहे. तो टीएलएस सुरू करण्याची परवानगी मागणारी प्राथमिक फेरी वगळतो. तसेच पोस्टग्रेसचा मूळ ग्राहक काही न सांगितल्यास ‘टीएलएस मिळाले तर घ्या, नाहीतर साध्या जोडणीवर चला’ अशा वृत्तीने वागतो, याकडे लक्ष असावे. चाचणीत टीएलएस अनिवार्य केले नाही तर आपण कशाची चाचणी घेत आहोत हेच सांगता येणार नाही.

पुनरारंभाला अवास्तव महत्त्व देण्याचेही कारण नाही. बहुतांश महाविद्यालयीन प्रणालींत उघडलेल्या जोडण्यांचा संच राखून त्याच पुन्हा वापरणे हा अधिक परिणामकारक उपाय आहे. त्यात टीएलएसचीच नव्हे तर सर्वच प्राथमिक फेऱ्यांची बचत होते. प्रणालीच सर्व्हरशेजारी ठेवून लिपिकाला ब्राउझरमधून काम करू दिले तर ड्रायव्हरचा लांबचा प्रवास उरतच नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालय या प्रणालीची सध्याची रचना अशीच आहे. पुनरारंभाचे महत्त्व उरते ते जोडण्या वारंवार तुटतात तेथे. पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडला, की संचातील सर्व जोडण्या एकाच क्षणी मरतात आणि वीज येताच सर्व संगणक एकदम सर्व्हरच्या दारी येतात. नेमक्या याच घटकेला साठवलेली सत्रे कामी यावीत अशी अपेक्षा असते. मायएसक्यूएलमध्ये सत्राच्या पुनर्वापराची मूळ मुदत ३०० सेकंदांची आहे. बॅटरीवर तग धरून असलेल्या संगणकाने सत्र जपले आणि वीज चार मिनिटांत आली, तर पुनरारंभ होऊ शकेल. दहा मिनिटांनी आली, तर सर्वांना पूर्ण हस्तांदोलन करावे लागेल. मुदत वाढवता येते, पण मुदत जितकी लांब तितका काळ चोरीस गेलेले तिकीट चालणार आणि रद्द केलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास राहणार. टीएलएस १.३ ने ७ दिवसांची कमाल मर्यादा त्यासाठीच घातली आहे. कोणत्या महाविद्यालयाला किती मुदत योग्य, हे सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेतून कळणार नाही. त्यासाठी तेथील वीज किती वेळा आणि किती मिनिटे जाते, याची महिनाभराची नोंद ठेवावी लागेल, आणि चाचणीतील मुदतीचे आकडे त्या नोंदीवरून ठरवावे लागतील.